चेटकीण कुणी म्हणायचं?

शनिवारी सकाळी नाशिकच्या रविवार कारंजावर उभं राहिलं की लिंबू-मिरच्यांच्या माळा विकणारा हटकून दिसतो. दोऱ्यात खाली बिब्बा, मग लिंबू, वर ओळीने हिरव्या मिरच्या. दुकानाच्या चौकटीवरची गेल्या शनिवारची सुकलेली माळ तो काढतो, नवी अडकवतो, पैसे खिशात टाकतो आणि पुढच्या दुकानाकडे वळतो. काढलेली माळ रस्त्यावर पडते. मागून येणारी स्कूटी ती चुकवायला वळसा घेते. त्या स्कूटीवर आजी नसते, कॉलेजला निघालेली मुलगी असते.

याच मुलीच्या गळ्यात आता कधी कधी वर्तुळातल्या पंचकोनी चांदणीचं लॉकेट दिसतं. खोलीत टॅरोचे पत्ते असतात, खिडकीत स्फटिक असतात, पौर्णिमेला मेणबत्ती लागते. विचारलं तर ती सांगते, ‘मी विक्का फॉलो करते.’ घरात लगेच प्रश्न निघतात. म्हणजे चेटूक? सैतानाची पूजा? हे कायद्यात बसतं का? आणि आपले डोंगरातले आदिवासी करतात ते याहून वेगळं काय?

हे प्रश्न नाशिकमध्ये जास्त टोकदार होतात, कारण इथे ‘चेटकीण’ हा शब्द फक्त गोष्टीच्या पुस्तकात राहिलेला नाही. शहरातून पेठच्या रस्त्याला लागून सावळ घाट उतरला की तोच शब्द वेगळ्या रूपात भेटतो, आणि तिथे तो लॉकेट म्हणून कुणी मिरवत नाही. म्हणून या प्रश्नांचा आढावा दोन्ही टोकं धरूनच घ्यायला हवा.

विक्का किती जुना?

विक्काचे अनुयायी बरेचदा म्हणतात की हा ख्रिस्तपूर्व युरोपचा मूळ धर्म आहे. हे म्हणणं इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. जेराल्ड गार्डनर हा इंग्रज सिलोन, बोर्निओ आणि मलायात नोकरी करून निवृत्त झाला. मलायातल्या क्रीस नावाच्या कट्यारींवर त्याने १९३६ साली पुस्तक लिहिलं होतं. इंग्लंडला परतल्यावर १९३९ मध्ये न्यू फॉरेस्ट भागातल्या एका जुन्या चेटूक-मंडळाने आपल्याला दीक्षा दिली, असं तो सांगे. १९५४ साली त्याचं ‘विचक्राफ्ट टुडे’ आलं आणि या पंथाची जाहीर ओळख झाली. पूजाविधींची भाषा घडवण्यात डोरीन व्हॅलिएंट या कवयित्रीचा वाटा मोठा होता.

पुस्तकाआधी तीन वर्षं, १९५१ मध्ये, ब्रिटनने १७३५ चा चेटूकविषयक कायदा रद्द केला होता. त्या कायद्यात चेटूक करणाऱ्याला शिक्षा नव्हती, चेटूक येतं असा आव आणून लोकांना फसवणाऱ्याला होती. १९४४ सालीसुद्धा हेलन डंकन या मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्या बाईला त्याच कायद्याखाली तुरुंगात पाठवलं गेलं होतं.

चेटकिणींचा धर्म युरोपात गुप्तपणे टिकून होता, ही कल्पना गार्डनरला मिळाली ती मार्गारेट मरे यांच्या १९२१ च्या पुस्तकातून. इतिहासकारांनी ती पुढे मोडीत काढली. रोनाल्ड हटन यांनी १९९९ मध्ये विक्काचा सविस्तर इतिहास लिहून दाखवून दिलं की हा विसाव्या शतकात घडलेला धर्म आहे. नाशिककरांना सांगायचं तर काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा, म्हणजे विक्का त्याहून धाकटा. धर्म नवा असणं हा काही दोष नव्हे. नव्याला प्राचीनतेचं प्रमाणपत्र चिकटवायची घाई मात्र आपल्याकडेही ओळखीची आहे.

देव कोण, सैतान कुठे?

बहुतेक विक्कन एक देवी आणि एक देव मानतात. देवी चंद्राच्या कलांसारखी तीन रूपांची असते: कुमारी, माता आणि वृद्धा. देव शिंगांचा, रानाचा आणि शिकारीचा. या शिंगांनीच सगळा घोटाळा केला. ख्रिस्ती चित्रकलेत शिंगं सैतानाला असतात, म्हणून शिंगांचा देव पुजणारे ते सैतानपूजक, असं गणित लोकांनी मांडलं. पण सैतान मानायला आधी बायबलमधला देव मानावा लागतो. विक्कन तो मानतच नाहीत, त्यामुळे सैतानालाही त्यांच्याकडे जागा नाही. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरचा शिंगांचा मुकुट घातलेला पुरुष शाळेच्या पुस्तकात पाहिलेल्या मराठी माणसाला शिंगांची एवढी भीती वाटायचं कारण नाही.

या धर्माला एकच ग्रंथ नाही आणि सर्वांवर हुकूम चालवणारा धर्मगुरूही नाही. जमिनीवर वर्तुळ आखायचं, चार दिशांना आणि महाभूतांना आवाहन करायचं, देवीला बोलवायचं, शेवटी खाऊन-पिऊन वर्तुळ मोडायचं, असा साधारण विधी असतो. विधीत सुरी असते, पण ती वर्तुळ आखायला. रक्त सांडायला नव्हे. कुणाला इजा होत नसेल तर मनाला येईल ते करावं, हा त्यांचा मुख्य नियम. दुसऱ्याला दिलेलं तिपटीने परत येतं, असंही पुष्कळ जण मानतात. पुनर्जन्मही बरेच जण मानतात, आणि इथे धागा आपल्याकडे वळतो. कर्म आणि पुनर्जन्माच्या कल्पना पश्चिमेत लोकप्रिय करण्यात थिऑसॉफिकल सोसायटीचा हात मोठा होता. १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेली ही संस्था १८७९ मध्ये मुंबईत आली आणि नंतर अड्यारला गेली. तेव्हा स्कूटीवरच्या त्या मुलीला पुस्तकातून मिळणारं ‘पाश्चात्त्य’ ज्ञान काही अंशी आपल्याच घरून निघून, लांबचा फेरा मारून परत आलेलं आहे.

अनुयायी किती? इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे १३ हजार लोकांनी आपला धर्म विक्का लिहिला. अमेरिकेत २००७ पासून विक्कन सैनिकाच्या थडग्यावर सरकारी खर्चाने पंचकोनी चांदणी कोरता येते. भारतात कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी १९८० च्या दशकात स्वतःला उघडपणे विक्कन म्हणवून घेतलं आणि खेड्यापाड्यांत चेटकीण ठरवून छळल्या जाणाऱ्या बायकांचा प्रश्नही मांडला. आपल्याकडे विक्काचं नाव मोठ्या प्रमाणावर ऐकू आलं ते त्यांच्यामुळे.

त्यांचं वर्ष नाशिकला लागू पडतं का?

विक्काच्या वर्षात आठ सण असतात. दोन अयनं, दोन संपात आणि त्यांच्या अधलेमधले चार. ३१ ऑक्टोबरला मृतांचा सण, डिसेंबरच्या २१-२२ तारखेला सूर्य परतल्याचा, १ मे रोजी वसंताचा. हे सगळं थंड प्रदेशाच्या शेतीवर बेतलेलं आहे. ऑस्ट्रेलियातले विक्कन तर सहा महिने मागेपुढे करून सण पाळतात, कारण तिथे डिसेंबरात उन्हाळा असतो. मग नाशिकमध्ये १ मे रोजी, पारा चाळिशीला टेकलेला असताना, वसंताचं स्वागत करायचं ते कशाचं?

निसर्ग पुजायचा तर पायाखालचाच पुजावा लागतो, आणि त्याचं पंचांग नाशिक जिल्ह्यात तयार आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या सुमारे ६१ लाख लोकसंख्येत १५ लाखांहून जास्त लोक अनुसूचित जमातींचे आहेत: कोकणा, महादेव कोळी, भिल्ल, वारली, ठाकर, काथोडी. त्यांचं वर्ष पावसाभोवती फिरतं. पहिल्या पावसानंतर रानात उगवलेली कवळी भाजी देवाला दाखवल्याशिवाय खायची नाही. नवं भात घरात आलं की आधी ते देवाला आणि पितरांना. आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस. गुराखी घरोघर धान्य मागतात आणि शिवेवरच्या वाघदेवाला नैवेद्य करतात. वाघदेव म्हणजे वाघ, नाग, सूर्य आणि चंद्र कोरलेला लाकडी खांब किंवा दगड. नाशिक शहरात गंगापूर रोडच्या बंगल्यांमध्ये बिबट्या शिरला की पिंजरे लागतात, गर्दी जमते, मोबाइल वर होतात. शिवेवर दगड रोवून ‘इथपर्यंत तुझं, इथून पुढे आमचं’ असा करार करणाऱ्यांनी हा प्रश्न फार आधी हाताळला होता.

मार्गशीर्षात कळवण, सुरगाणा, बागलाण भागात डोंगऱ्यादेवाचा उत्सव सुरू होतो. व्रत घेतलेल्या पुरुषांना माउली म्हणतात. अनवाणी राहायचं, उपास पाळायचा, नेमाने वागायचं. या माउल्या गावोगाव जाऊन गोल धरून नाचतात. साथीला पावरी असते, वाळवलेल्या भोपळ्याचं लांब फुंकवाद्य. पौर्णिमेला सगळे डोंगरातल्या गुहेपाशी जमतात आणि व्रत सुटतं. ही पौर्णिमा बऱ्याचदा डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात येते. म्हणजे इंग्लंडमध्ये सूर्य परतल्याची मेणबत्ती लागते, त्याच सुमाराला कळवणच्या डोंगरात पावरी वाजत असते. दोघांनी एकमेकांकडून काही घेतलेलं नाही. हिवाळ्याच्या लांब रात्री माणसाला उजेडापाशी एकत्र बसवतात, एवढंच दोघांत समान.

मग आदिवासी म्हणजे आपले विक्कनच का?

नाही. हे साम्य ओढून-ताणून पुढे न्यायचा मोह आवरलेला बरा. विक्का माणूस निवडतो. पुस्तक वाचून, विचार करून, अनेकदा घरच्यांशी भांडून. डोंगऱ्यादेव कुणी निवडत नाही. तो गावाबरोबर, कुळाबरोबर येतो. विक्कन एकटा असू शकतो. एकट्याचा डोंगऱ्यादेव होत नाही, गोल धरायला माणसं लागतात. विक्कात प्राण्याचा बळी नसतो, इथल्या अनेक विधींत कोंबडं-बोकड असतं. ते आवडो न आवडो, नजरेआड करून ‘निसर्गपूजक भोळे आदिवासी’ असं गोड चित्र रंगवणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे.

एक साम्य मात्र खरं आहे आणि ते बाईच्या जागेचं. विक्कात पुजारीण विधीच्या केंद्रस्थानी असते. वारल्यांच्या लग्नात धवलेरी असते. सवाशिणींनी भिंतीवर काढलेल्या चौकात पालघट देवी बसते आणि धवलेरीने गायल्याशिवाय लग्न लागत नाही. ती पुस्तक वाचत नाही, तिच्या गळ्यातच ते असतं. पुरुषांच्या बाजूला भगत असतो. त्याच्यापुढे काशाची थाळी, थाळीच्या मध्यावर मेणाचा गोळा, मेणात रोवलेली एक सरळ काडी. काडीवरून बोटं खाली ओढली की थाळी घुमू लागते, आणि त्या घुमण्यावर रात्रभर कणसरीची, धान्याच्या देवीची, कथा चालते. ज्याने हा आवाज एकदा जवळून ऐकला, त्याला कुठल्याही स्फटिकाच्या वाडग्याची नवलाई राहत नाही.

आदिवासींच्या या धर्माला सरकारदरबारी नावसुद्धा नाही. जनगणनेच्या अर्जात हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, जैन आणि मग ‘इतर’. २०११ मध्ये देशभरात सुमारे ७९ लाख लोक या ‘इतर’ मध्ये मोजले गेले. झारखंड विधानसभेने २०२० मध्ये तिथल्या आदिवासींच्या सरना धर्मासाठी स्वतंत्र रकाना मागणारा ठराव केला. नाशिकच्या डोंगरातला माउली मात्र मोजणीदाराला सहसा ‘हिंदू’ सांगतो आणि पौर्णिमेला गुहेपाशी जातो. त्याला त्यात विसंगती वाटत नाही.

मंत्राने काही होतं का?

विक्कन लोकांमधले विचारी सांगतात की त्यांचा मंत्र म्हणजे मनाची एकाग्रता. मेणबत्ती लावून नोकरीची इच्छा धरायची आणि मग अर्जही करायचा. आपला नवस याहून फार वेगळा नाही. त्याने मनाला उभारी येते, हे खरं. मेणबत्तीमुळे नोकरी मिळते, याला कसलाही पुरावा नाही.

भगताचं काम याहून गुंतागुंतीचं असतं. त्याला झाडपाला कळतो, घराघराची भांडणं माहीत असतात, दाणे पाहून तो दुखण्याचं कारण सांगतो. हाड बसवणं, ताप उतरवणं यात अनेक भगतांचा हात बरा असतो. अडचण येते ती दाण्यांपाशी. मण्यार हा साप घ्या. तो रात्री घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. दाताची खूण जवळजवळ दिसत नाही, वेदना फारशी होत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वास थांबतो. घरच्यांनी साप पाहिलेला नसतो. रात्री धडधाकट झोपलेलं पोर सकाळी गेलं, एवढंच त्यांना दिसतं. किंवा सिकलसेल घ्या. आदिवासी भागात आढळणारा हा आनुवंशिक आजार एकाच घरातल्या मुलांना पुन्हा पुन्हा गाठतो. हाडं ठणकतात, कावीळ होते, एखादं मूल दगावतं. शेजारच्या घराला काही नाही आणि आपल्यालाच का? या प्रश्नाचं उत्तर रक्ततपासणीत असतं. रक्ततपासणी लांब असली की उत्तर जवळ शोधलं जातं, आणि जवळ शेजारीण असते.

मग चेटकीण कोण?

मराठीत या शब्दाची बरीच रूपं आहेत. सातपुड्यात डाकीण, नाशिक-ठाण्याच्या डोंगरात भुताळी किंवा भुताळीण, मराठवाड्यात भानामती, बाकी सगळीकडे करणी आणि चेटूक. शब्द बदलतात, पण बोट बहुतेक वेळा एकाच दिशेला वळतं: विधवा, म्हातारी, एकटी, किंवा जिच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे अशी बाई. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकांदरम्यान चेटूक केल्याच्या आरोपावरून सुमारे ४० ते ६० हजार माणसं मारली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य बायका होत्या.

आरोपही विलक्षण सारखे होते. शेजारणीने गाईचं दूध आटवलं, हा युरोपच्या खटल्यांमधला नेहमीचा आरोप. आता महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा उघडून बघा. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावराचं दूध आटवते किंवा अपशकुनी आहे असं भासवून तिचं जगणं अवघड करणं, हा त्याच्या अनुसूचीत गुन्हा आहे. गाईचं आटलेलं दूध तिथे शब्दशः नोंदलेलं आहे. कायदा लिहिणाऱ्यांना आपलं खेडं माहीत होतं.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच सरकारने अध्यादेश काढला आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कायदा मंजूर झाला. किमान सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र, गंडे-दोरे करत बसणं हाही त्यात गुन्हा आहे. मण्यार चावलेल्या पोरासाठी हे कलम सगळ्यात मोलाचं. कळवायचं ते पोलीस ठाण्यात. या कायद्याखालच्या दक्षता अधिकाऱ्याचं काम पोलीस निरीक्षकाकडे असतं.

विक्का पाळणं कायद्यात बसतं का?

बसतं. हा कायदा श्रद्धेवर बंदी घालत नाही. पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, भजन-कीर्तन यांना त्याने स्पष्टपणे बाजूला ठेवलं आहे. अनुसूचीत ठराविक कृत्यं आहेत आणि त्या सगळ्यांत कुणाला तरी इजा, फसवणूक किंवा दहशत आहे. पौर्णिमेला मेणबत्ती लावणाऱ्या मुलीचा त्याच्याशी संबंध नाही. पण तिनेच उद्या पैसे घेऊन ‘तुझ्यावर अमक्या बाईने करणी केली आहे’ असं कुणाला सांगितलं, तर मात्र आहे. तिथे विक्कन, मांत्रिक, भगत, बाबा असा भेद कायदा करत नाही.

आता घरच्यांच्या मूळ प्रश्नाकडे वळता येतं. मुलगी स्वतःला ‘विच’ म्हणवून घेते, याने घाबरून जायचं का? तिने तो शब्द स्वतःवर घेतला आहे. नको झाला की लॉकेट काढून कपाटात ठेवायची तिला मुभा आहे. ज्या बाईला गावाने भुताळीण ठरवलं, तिला तो शब्द काढून ठेवता येत नाही. ती घराबाहेर पडली की पोरं आत ओढली जातात, विहिरीवर बायका घागर घेऊन बाजूला होतात. शब्द एकच, पण तो उच्चारणारं तोंड कुणाचं आहे यावर सगळं ठरतं. मुलीला विचारायचंच असेल, तर कोणत्या देवीला मानतेस हे विचारण्यापेक्षा तुझ्या पत्त्यांत कधी कुणाचं नाव निघतं का, हे विचारावं.

यासाठी लागणारं शहाणपण आपल्या घरात जुनंच आहे. मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन आजी नातवाची दृष्ट काढते, तेव्हा ती पुटपुटत सगळ्यांची यादी करते. आल्याची, गेल्याची, शेजारपाजारची, भुताखेताची, घरच्यांची, आणि पोराला डोळे भरून पाहणाऱ्या त्याच्या आईचीसुद्धा. त्या यादीत सगळे येतात, म्हणून कुणा एकावर आळ येत नाही. मूठ चुलीत पडते, मोहऱ्या तडतडतात, पोर झोपतं. मोहऱ्यांनी काही होतं का, यावर वाद घालता येईल. पण आजी नाव घेत नाही. तिने एक नाव घेतलं असतं, तर दुसऱ्या दिवशी विहिरीवर कुणीतरी एकटी उभी राहिली असती.